गावच्या सभागृहाचं सांडपाणी: लग्नाच्या दिवशी तेरा हजार लिटर, एरवी नऊशे

सभागृहाच्या अंदाजपत्रकात सांडपाण्यासाठी एकच ओळ होती: ‘सेप्टिक टँक व शोषखड्डा, एक काम.’ ठेकेदाराने आणलेला नकाशा कुठल्याही चार खोल्यांच्या इमारतीला चालला असता. दोन कप्प्यांची टाकी आणि तिच्या पुढे बारा फूट खोल शोषखड्डा, ‘खडक लागेपर्यंत खोदणे’ अशी टीप देऊन. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, कमी पावसाचं गाव. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला काळा खडक. जागेपासून उताराच्या बाजूला ४६ मीटरवर गावाची पिण्याची विहीर. तो शोषखड्डा झाला असता, तर पाणी खडकाच्या भेगांतून थेट विहिरीकडे निघालं असतं, आणि वर सगळ्यांना वाटलं असतं की खड्डा छान मुरतोय. म्हणून टाकीचा नकाशा बाजूला ठेवून आधी दोन प्रश्न सोडवले. पाणी किती येतं? आणि ते कुठे जाऊ शकतं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तक्त्यात सापडत नाही. आयएस ११७२ या भारतीय मानकात सभागृहासाठी माणशी १५ लिटर धरतात. ४०० माणसांचे ६,००० लिटर झाले. पण तो आकडा खुर्चीवर बसून घरी जाणाऱ्या प्रेक्षकाचा आहे. लग्नात आदल्या रात्री वऱ्हाड मुक्कामाला येतं, पहाटे अंघोळी होतात, चारशे पानं उठतात, आणि संध्याकाळी पातेली घासली जातात. त्यामुळे मोजणी केली. सभागृहाच्या वापराच्या पाण्याचा हौद आतून ३ मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद, म्हणजे पातळी १० सेंटिमीटर उतरली की ७५० लिटर गेले. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी हौद भरून बोअरची मोटर बंद ठेवायची, काठीवर खूण करायची, दुसऱ्या रात्री पुन्हा काठी बुडवायची. एका लग्नात पातळी १.५५ मीटर उतरली, दुसऱ्यात १.८ मीटर. म्हणजे साडेअकरा ते साडेतेरा हजार लिटर. खात्रीसाठी उलट बाजूनेही हिशेब मांडला: मुक्कामी ६० जणांचे माणशी १००, दिवसभराच्या ४०० जणांचे माणशी १०, आणि स्वयंपाकाचे पानामागे ८ लिटर. एकूण १३,२०० लिटर. दोन्ही बाजू जुळल्या. लग्न नसलेल्या दिवशी मागची अंगणवाडी आणि शेजारचं ग्रामपंचायत कार्यालय मिळून ९०० लिटर.

हा पंधरापटीचा फरक हेच या कामातलं खरं अवघड गणित आहे. सेप्टिक टँकमधले जिवाणू रोज थोडं खाऊन जगतात. महिनाभर उपाशी ठेवून एका दिवशी चारशे पानांचा भार टाकला, तर टाकी नुसती मैला पुढे ढकलणारी पेटी होते. पूर्वी अंगणवाडी आणि कार्यालयाची संडासं वेगळ्या खड्ड्यावर होती. ती मुद्दाम याच टाकीला जोडली, म्हणजे चातुर्मासात सभागृह बंद असतानाही टाकीला रोज खाद्य मिळतं. सुदैवाने जमीन ओली आणि विहीर भरलेली असते त्याच काळात लग्नंही नसतात. पावसाळ्यात फक्त ते ९०० लिटर सांभाळायचे असतात.

आता जमीन. मुरण्याच्या चाचणीची रीत आयएस २४७० च्या दुसऱ्या भागात दिली आहे आणि ती सोपी आहे. पण आमच्याकडे पहिल्यांदा एप्रिलमध्ये जी चाचणी झाली, ती पूर्ण चुकीची होती. १५ सेंटिमीटर पाणी ओतलं आणि दहा मिनिटांत खड्डा कोरडा पडला. सगळे खूश झाले. उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाणी त्या भेगांतून उतरलं होतं, मातीत मुरलं नव्हतं. तीच माती भिजली की फुगते आणि भेगा मिटतात.

दुसऱ्या वेळी नियमाने केलं. पाणी मुरवण्याच्या चराच्या नियोजित खोलीपर्यंत वीतभर रुंदीचे तीन खड्डे घेतले. बाजू खुरप्याने खरवडल्या, कारण पहारीने चोपलेली बाजू लुकण लावल्यासारखी बंद होते. तळाला ५ सेंटिमीटर जाड वाळू टाकली. त्यावर ३० सेंटिमीटर पाणी भरून २४ तास भिजत ठेवलं, कमी होईल तसं पुन्हा भरत राहिलो. दुसऱ्या दिवशी वाळूवर १५ सेंटिमीटर पाणी ठेवून खड्ड्यावर आडवी पट्टी टाकली आणि तिच्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर दर ३० मिनिटांनी, चार तास मोजलं. शेवटच्या अर्ध्या तासाचा उतार तेवढा खरा धरायचा. काळ्या मातीतल्या एका खड्ड्यात तो ६ मिलिमीटर आला, दुसऱ्यात ९. म्हणजे २५ मिलिमीटर उतरायला अनुक्रमे १२५ आणि ८३ मिनिटं. मुरमात खोदलेल्या तिसऱ्या खड्ड्यात ७५ मिलिमीटर उतरले, म्हणजे १० मिनिटं.

किती पाणी सोडता येईल याचं सूत्र असं: २०४ भागिले त्या मिनिटांचं वर्गमूळ, उत्तर दर चौरस मीटरला दर दिवशी लिटर. काळ्या मातीला १८ लिटर, मुरमाला ६४. ६० मिनिटांच्या वर वेळ लागत असेल तर त्या जमिनीत सेप्टिक टँकचं पाणी मुरवू नका, असं मानक सांगतं. म्हणजे काळी माती बाद. मुरूम कागदावर उत्तम दिसतो आणि इथेच बहुतेक कामं फसतात. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर दूर हवा असा नियम आहे आणि आमची विहीर ४६ मीटरवर होती. नियम पाळला जात होता. पण १८ मीटर हे अंतर माती पाणी गाळते या हिशेबावर उभं आहे. इथे मुरमाचा थर जेमतेम ७० सेंटिमीटर आणि त्याखाली सांध्यांचा खडक. भेगेतून वाहणाऱ्या पाण्याला माती भेटतच नाही, मग अंतर १८ असो की ४६. म्हणून खाली काहीही मुरवायचं नाही आणि पाणी वरच्या दीड-दोन फुटांतच, मुळांच्या थरात वापरून संपवायचं असं ठरलं.

त्यासाठी जागा लागते. वैशाखात आठवड्याला दोन-तीन लग्नं धरली, तर नुसत्या लग्नांच्या पाण्याची दिवसाची सरासरी साधारण ४,७०० लिटर पडते. उन्हाळ्यात या भागात हिरवं गवत दिवसाला सहा मिलिमीटर पाणी सहज उडवतं. दहा गुंठे, म्हणजे सुमारे १,००० चौरस मीटरला ६,००० लिटर. सभागृहाच्या मागची दहा गुंठे गायरान जागा हत्तीगवतासाठी राखून ठेवण्याचा ठराव ग्रामसभेत आधी करून घेतला आणि मगच टाकीची आखणी केली. हा क्रम उलटा झाला, की टाकी बांधून होते आणि पाण्याला जागाच उरत नाही.

सगळं पाणी एका नळीत घालायचं नाही, हा पुढचा निर्णय. संडास-मुतारीचे ३,१०० लिटर, स्वयंपाकघराचे ३,२०० आणि अंघोळ-हात धुण्याचे ६,९००. शेवटचं पाणी सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी घाण. ते टाकीत घातलं तर टाकी दुप्पट मोठी करावी लागते आणि साबणाच्या लोंढ्याने आतला गाळ ढवळतो, म्हणून ते वेगळं काढलं. घरगुती मोरीच्या पाण्याला नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने लोकप्रिय केलेला शोषखड्डा चांगला चालतो, पण एका सकाळी सात हजार लिटर हे त्याचं काम नाही. आम्ही दोन कप्प्यांचा गाळ अडवणारा हौद केला आणि पुढे ३० मीटरचे तीन उथळ चर घेतले. अर्धा मीटर रुंद, त्यात ४० सेंटिमीटर खडी, वर माती, कडेला केळी. खडीतल्या पोकळीत ७,००० लिटर मावतात आणि मग तीन-चार दिवसांत ते पाणी माती आणि केळी ओढून घेतात. लागोपाठ लग्नं आली तर वरचं पाणी गवताच्या रानात सांडतं. चरांना वरच्या बाजूने बांध घालायलाच हवा, नाहीतर वळवाच्या पहिल्याच पावसात ते भरून जातात.

संडास आणि स्वयंपाकघराच्या ६,३०० लिटरसाठी टाकी. पहिला भाग नेहमीची सेप्टिक टँक: आतून ४.५ मीटर लांब, १.५ रुंद, पाण्याची खोली १.५, म्हणजे दहा हजार लिटर. मधली भिंत ३ मीटरवर, पहिला कप्पा दोन तृतीयांश. बाहेर पडणारी नळी आत येणाऱ्या नळीपेक्षा ५ सेंटिमीटर खाली. पुढे त्याच रुंदीचे, ७५ सेंटिमीटर लांबीचे चार कप्पे, ज्यांना कारागीर बॅफल म्हणतात. प्रत्येक कप्प्यात ११० मिलिमीटरच्या तीन नळ्या पाणी तळाशी सोडतात, तळापासून २० सेंटिमीटरवर. पाणी तिथल्या गाळातून वर चढतं आणि चढताना जिवाणू त्यातली घाण खातात. चढण्याचा वेग तासाला एक मीटरच्या आत हवा, नाहीतर गाळ उचलला जातो. आमच्याकडे सर्वांत गर्दीच्या तासाला ९०० लिटर येतात, कप्प्याचं क्षेत्र १.१२५ चौरस मीटर, म्हणून वेग ०.८. शेवटच्या कप्प्यात जाळीदार स्लॅबवर ४० ते ६० मिलिमीटरचे दगड भरले.

टाकीनंतर आम्ही एक कप्पा वाढवला, जो तयार नकाशांत सहसा नसतो: ३ बाय ३ मीटरचा उथळ साठवण हौद, ज्यात पाण्याची पातळी ६० सेंटिमीटर वर-खाली होऊ शकते. लग्नाचा लोंढा इथे थांबतो आणि पुढे हळूहळू जातो. हळूहळू सोडण्यासाठी अर्धवट उघडा व्हॉल्व्ह ठेवला, तर त्यात दोन आठवड्यांत बुळबुळीत थर साचून तो बंद पडतो. त्याऐवजी बंद डब्याच्या तरंगत्या बोयाला लवचिक नळी बांधली आणि नळीच्या तोंडाला १२ मिलिमीटरचं एकच भोक ठेवलं, पाण्याखाली नेहमी ५ सेंटिमीटर राहील असं. पातळी कितीही असो, भोकावरचं पाणी तेवढंच राहतं, म्हणून तासाला अडीचशे लिटरच्या आसपास एकसारखं जातं. भोक दर आठवड्याला काडीने मोकळं करायचं. त्याला दोन मिनिटं लागतात.

पुढे कर्दळीचा खडीचा वाफा, १२ मीटर लांब, ३ रुंद, ६० सेंटिमीटर खोल. तळाला शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, त्याच्या खाली-वर बारीक मातीचा थर, कारण खडीची एक धारदार कपचीसुद्धा कागद फाडते. खडी २१.६ घनमीटर, म्हणजे साडेसात ब्रासपेक्षा किंचित जास्त. दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा मीटर मोठे दगड आणि मधे अर्धा इंची खडी. क्रशरवरून आलेली खडी तशीच टाकू नये. पहिली ट्रॉली आली तेव्हा मूठभर खडी बादलीत टाकून हात फिरवला, तर पाणी सिमेंटच्या लगद्यासारखं झालं आणि तळाला बोटभर भुकटी बसली. ती भुकटी वाफ्यात गेली असती तर वर्षाच्या आत तोंडाकडचा भाग बंद होऊन पाणी वरून वाहिलं असतं. सगळी खडी चाळून, धुऊन भरली, आणि त्यात मजुरीचे चार दिवस गेले. चौरस मीटरला चार याप्रमाणे कर्दळीचे दीडशे कंद लावले. मुळं धरेपर्यंत पाणी खडीच्या पृष्ठभागापर्यंत ठेवलं, नंतर शेवटची फिरती नळी वाकवून ५ सेंटिमीटर खाली घेतलं. उघडं पाणी दिसत नाही, त्यामुळे डासांना जागा नाही.

हे सगळं मोटरशिवाय चालतं, कारण जागेला १.८ मीटरचा उतार आहे आणि नळ्या, टाकी, साठवण, वाफा मिळून १.२ मीटर पुरतात. लेव्हल नळीने गवंड्यासोबत प्रत्येक नळीच्या तळाची पातळी भिंतीवर रंगाने लिहून ठेवली. सपाट जागा असेल तर साठवण हौदानंतर छोटा पंप लागेल, आणि मग तो कोण चालवणार हेही आधी ठरवावं लागेल.

स्वयंपाकघराबद्दल जरा विस्ताराने लिहायला हवं, कारण टाकी मारायची ताकद तिथेच सर्वांत जास्त आहे. घासणीच्या दोन नळांचे मिळून मिनिटाला २४ लिटर येतात. तेल वर यायला अर्धा तास थांबायला हवं, म्हणून तेल अडवणारा हौद ७५० लिटरचा केला. मधे दोन आडभिंती, एक खालून उघडी आणि एक वरून. त्याच्या आधी खरकटं अडवायला ५ मिलिमीटर भोकांची स्टीलची टोपली. पहिल्याच लग्नात ती टोपली अर्ध्या तासात भाताने लिंपली गेली. शिजलेला भात भोकांत बसतो आणि त्याची खळ होते. पाणी मोरीत तुंबलं, तेव्हा आचाऱ्याने टोपली उचलून बाजूला ठेवली आणि सगळं खरकटं थेट हौदात गेलं. आता टोपल्या दोन आहेत, एक लावलेली आणि एक धुतलेली तयार. घासणीच्या आधी पातेली रबरी पट्टीने निपटून घ्यायची आणि ते खरकटं जनावरांच्या पिंपात टाकायचं. सभागृहाच्या बुकिंग अर्जावर ही अट छापली आहे आणि अनामत परत देण्याआधी टोपली आणि हौद पाहिला जातो. मार्गशीर्षातल्या लग्नांत आणखी एक अडचण येते. थंडीत तेल नळीतच गोठतं, म्हणून हौद मोरीपासून दोन मीटरच्या आत हवा. पण फार जवळ असेल तर उकळतं पाणी ओतल्यावर वितळलेलं तेल हौद ओलांडून पुढे जातं. आचाऱ्यांना उकळतं पाणी थंड झाल्यावरच ओतायला सांगावं लागतं. हौदावरचं तेल प्रत्येक लग्नानंतर काढून कोरड्या राखेत मिसळून पुरायचं.

फरशी धुवायला अॅसिड, फिनेल आणि ब्लीचिंग पावडर सढळ हाताने ओतली तर टाकीतले जिवाणू मरतात, आणि मग दोन आठवडे वास येतो. साध्या साबणाने आणि घासणीने भागतं. धुण्याच्या सोड्याची आणखी एक खोड आहे: त्यातलं सोडियम काळी माती चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी, करतं. म्हणून स्वच्छतेच्या सामानातून सोडा काढून टाकला आणि गवताचं रान दरवर्षी उन्हाळ्यात तपासून लागेल तसा जिप्सम टाकायचं ठरलं.

बांधकामात दोन चुका वेळेत सापडल्या. प्लंबरने छताच्या पावसाची नळी जवळच्या चेंबरला जोडली होती. २५० चौरस मीटर छतावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर साडेबारा हजार लिटर एका तासात टाकीत येऊन सगळा गाळ पुढे वाफ्यात जाईल. ती नळी तोडून वेगळी काढली. दुसरी चूक गळतीची: प्लास्टरनंतर टाकी साध्या पाण्याने भरून तीन दिवस ठेवली, तेव्हा मधल्या भिंतीच्या सांध्यातून ओल आली. काळ्या मातीत टाकी रिकामी ठेवून पावसाळा काढू नये. भिजलेली माती बाजूने दाबते आणि खालून उचलते.

चालू करताना जवळच्या चांगल्या चालणाऱ्या जुन्या टाकीतला २०० लिटर गाळ बॅफलच्या कप्प्यांत टाकला. तरीही जिवाणू नीट बसायला तीन ते सहा महिने लागतात. म्हणून काम दिवाळीपूर्वी पूर्ण केलं नाही, तर पहिली लग्नसराई कच्च्या टाकीवर जाते. वास येऊ नये म्हणून गॅसचा पाइप टाकीपासून सभागृहाच्या छताच्या वर दोन मीटर नेला, तोंडाला डासांची जाळी. टाकी इमारतीपासून १५ मीटरपेक्षा जवळ असली की एवढी उंची लागतेच.

झाकणांची जागा आणि रस्ता यांवर वाद झाला, आणि आम्ही हटलो नाही. प्रत्येक कप्प्यावर एक झाकण हवं आणि व्हॅक्युम टँकर टाकीपासून ३० मीटरच्या आत उभा राहायला हवा. नाहीतर एक दिवस कुणीतरी माणूस आत उतरवतो. टाकीतला वायू क्षणात माणूस बेशुद्ध करतो, आणि माणसाकडून अशी धोकादायक सफाई करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. मैला उपसताना, नळी अडकली तरी, कुणीही आत उतरायचं नाही. हे वाक्य प्रत्येक झाकणावर कोरून घेतलं.

उपसा वर्ष मोजून करू नये, गाळ मोजून करावा. दर सहा महिन्यांनी लांब काठीला पांढरं मांजरपाट गुंडाळून पहिल्या कप्प्यात तळापर्यंत सोडायची, थोडा वेळ धरून सावकाश वर काढायची. काळा डाग जिथपर्यंत आला तिथपर्यंत गाळ. वरची साय आणि गाळ मिळून ५० सेंटिमीटरच्या वर गेले, म्हणजे खोलीचा एक तृतीयांश भरला, की टँकर बोलवायचा. थोडा गाळ मागे ठेवायचा, टाकी खरवडून धुवायची नाही.

वाफ्यातून निघून गवताच्या रानात जाणारं पाणी लग्नसराईत दोनदा प्रयोगशाळेत द्यायचं. जमिनीवर सोडायच्या पाण्याला बीओडीची (त्यातली घाण कुजताना जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनची) मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम आहे. त्या पाण्यावर मेथी-कोथिंबीर घ्यायची नाही, आणि ते फवारायचं नाही, चरीतूनच सोडायचं. विहिरीचं पाणी बांधकामाआधी तपासून आकडा नोंदवहीत लिहिला आहे. आता दरवर्षी मृगाआधी आणि पाऊस उघडल्यावर भूजल यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना जातो. पावसाळ्यानंतरच्या नमुन्यात शौचजन्य जिवाणू आणि नायट्रेट दोन्ही वाढलेले दिसले, तर आधी गवताच्या विहिरीकडच्या दोन ओळींचं पाणी बंद करायचं, मग वाफ्याची फिरती नळी वर करून दोन दिवस आत येणारं पाणी थांबवायचं आणि पातळी मोजायची. कर्दळ जेवढं ओढते त्यापेक्षा पातळी जास्त उतरली, तर कागद फाटला आहे. तोंडाकडच्या मोठ्या दगडांखाली तो आधी फाटतो, उकरायला तिथून सुरुवात करायची.